आवारातला देवगिरी

मुलांनो, २००९ साली मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डी.एड्. करत होते. दिवाळीआधी आम्ही मैत्रिणींनी कॉलेजच्या आवारात किल्ला केला. साधासुधा नव्हे, कंबरेएवढा देवगिरी! दगडांवर गोणपाट, वर काळी माती. हौसेनं खंदकात पाणी सोडलं. सकाळी बघतो तर अर्धा डोंगर खंदकात! काळी माती पाणी पिऊन फुगते, हे पाठ होतं की! रडूच आलं.

रविवारी एसटीनं खरा देवगिरी गाठला. जेमतेम १५ किलोमीटर. तिथला खंदक खडकातच कोरलेला, डोंगराचे कडेही तासून उभे केलेले! अंधारी वाट चाचपडत चढलो.

परतल्यावर खंदकाला फरशीचे तुकडे लावले. चांद मिनार कागदाच्या सुरनळीचा. फोटोत तो वाकडाच आलाय.