विहीर कोणाच्या आवारात?

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, हे शहाण्या माणसांनी आपल्याला इतक्या वेळा सांगून ठेवले आहे की, ती आधी खणावी याविषयी आता वादाला जागा उरलेली नाही. परंतु ती कोणाच्या जमिनीत खणावी, आपल्या परसात की गावाच्या चव्हाट्यावर, याविषयी ही म्हण एक अक्षरही बोलत नाही, आणि आरोग्यविम्याचा विचार करू लागलो की माझे मन नेमके तिथे येऊन अडते. प्रकृती केव्हा ना केव्हा दगा देणार, तेव्हा पैसा लागणार, आणि त्याची तरतूद धडधाकटपणीच करायला हवी, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. पुढे वाटा फुटतात. एका वाटेने जाणारा दर वर्षी हप्ता भरून आपल्यापुरता पाण्याचा बंदोबस्त करतो. दुसऱ्या वाटेने जाणारा म्हणतो की, सरकारने आणि नगरपालिकेने बांधलेल्या विहिरी आहेत, त्यांत आपलाही कर पडलेला आहे, तेव्हा वेळ आली की आपण पोहरा घेऊन तिकडे जाऊ. हा दुसऱ्या वाटेचा माणूस माझ्या ओळखीच्या मंडळींत आता जवळजवळ आढळत नाही.

गंमत अशी की, परसातली विहीर आपल्याला प्रथम विकली ती सरकारी कंपन्यांनीच. 1973 साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतर 1986 साली सरकारी मालकीच्या चार कंपन्यांनी मेडिक्लेम नावाची पॉलिसी बाजारात आणली. खाजगी कंपन्यांना दार उघडले गेले ते 1999 च्या कायद्यानंतर. म्हणजे जे सरकार एका हाताने रुग्णालये चालवत होते, तेच दुसऱ्या हाताने, त्या रुग्णालयांत जावे लागू नये याची सोय विकत होते. यात सरकारचा काही कावा असेल असे मला वाटत नाही. दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, हा आपल्या राज्यकारभाराचा जुना परिपाठ आहे.

पॉलिसीचा दस्तऐवज मात्र एकदा स्वस्थपणे वाचावा. मी तो भिंग घेऊन वाचला. त्यात कक्षभाड्याचे एक कलम असते. विम्याची रक्कम तीन लाख आणि भाड्याची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार असेल, आणि रुग्णाला सहा हजारांच्या खोलीत ठेवले गेले, तर साध्या माणसाला वाटते की वरचे तीन हजार आपण भरू, बाकीचे कंपनी देईल. पुष्कळ पॉलिसींत तसे होत नाही. खोली दुप्पट दराची घेतली म्हणून शस्त्रक्रियेचा मेहनताना, भूलतज्ज्ञाची फी, डॉक्टरांच्या भेटी, या सगळ्यांना त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने कात्री लागते. कारण रुग्णालयात खोलीच्या दर्जाप्रमाणे डॉक्टरांचे दरही चढत असतात, असे त्याचे समर्थन आहे आणि ते अगदीच खोटे नाही. आधीपासून असलेल्या व्याधीसाठी पूर्वी चार वर्षांपर्यंत वाट पाहावी लागे, ती मर्यादा 2024 पासून तीन वर्षांवर आली. हातमोजे, मास्क आणि तत्सम वस्तूंची रक्कम तर बहुधा रुग्णानेच सोसायची. करार म्हटला की कलमे आलीच, तेव्हा मी याला लबाडी म्हणत नाही. पण घरी जाण्याची परवानगी सकाळी मिळालेला माणूस, कंपनीकडून अंतिम मंजुरी यायची आहे म्हणून संध्याकाळपर्यंत कपडे करून खाटेच्या कडेला बसलेला पाहिला म्हणजे, ही विहीर आपल्या परसात असली तरी तिचा दोर दुसऱ्याच्या हाती आहे, हे ध्यानात येते.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, कारण सगळे जण सिव्हिलमध्ये जात. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन जिल्ह्याच्या गावी सिव्हिल हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात झाले. लोखंडी खाटा, त्यांवरची तांबडी ब्लँकेटे, फिनेलचा वास, आणि सिव्हिल सर्जनची राउंड सुरू होण्याआधी नातेवाइकांना बाहेर पिटाळणारी, पांढऱ्या बुटांची एक करारी सिस्टर, एवढे मला स्पष्ट आठवते. एका बाजूच्या खाटेवर एस.टी.चे एक ड्रायव्हर होते, दुसऱ्या बाजूला धान्यबाजारातला एक हमाल. आईने आणलेल्या डब्यातली भाजी तिघांत वाटली जाई आणि हमालाच्या घरून येणारी भाकरी वडिलांना आमच्या पोळीपेक्षा अधिक रुचे. वॉर्डाच्या न्हाणीघरातला नळ रात्रंदिवस गळत असे व जमीन निसरडी झाली होती. वडिलांनी टाके काढण्याच्याही आधी, उशीवर पाटी ठेवून, आपल्या वळणदार हस्ताक्षरात ‘मेहेरबान सिव्हिल सर्जनसाहेब यांचे सेवेशी’ असा मायना घालून एक अर्ज लिहिला, त्यावर ड्रायव्हरची सही आणि हमालाचा अंगठा घेतला, आणि तो वॉर्डबॉयमार्फत, ज्याला सगळे मामा म्हणत, वर पाठवला. नळ दुरुस्त झाला.

या अर्जावर माझ्या मनाने पुढे फार मोठी इमारत उभी केली. ज्या वॉर्डात अर्ज लिहिणारा माणूस पडलेला असतो तो वॉर्ड नीट राहतो. मेडिक्लेम आल्यापासून अर्ज लिहिणारी माणसे खाजगी रुग्णालयांकडे निघून गेली. मागे उरला तो अंगठा, आणि नुसत्या अंगठ्याला कोणती कचेरी भीक घालते? हा सिद्धांत मी चारचौघांत अनेकदा ऐकवला आहे आणि त्यावर माना डोलवून घेतल्या आहेत. पुढे एकदा तो आईसमोर सांगत असता ती शांतपणे म्हणाली, “अरे, नळ काही ह्यांच्या अर्जाने नव्हता झाला. समोरच्या स्पेशल रूममध्ये मुन्सफांच्या आई होत्या, त्या घसरल्या.” तेव्हा त्या काळीही सगळे एकाच वॉर्डात नव्हते, स्पेशल रूम होतीच, आणि नळ कोणासाठी दुरुस्त होतो याचा निर्णय तेव्हाही त्याच खोलीत लागत होता की काय, हे आता मला सांगता येत नाही. पण मग असेही मनात येते की, मुन्सफांच्या आईसुद्धा त्याच सिव्हिलमध्ये होत्या, तोच नळ वापरत होत्या. आज त्या तिथे नसत्या.

विहिरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या आजोळी गावाच्या विहिरीचा गाळ दर वर्षी वैशाखात उपसत. घरटी एक माणूस येई. पाण्याची गरज कोणाला किती, याचा हिशेब न करता सगळे उतरत, कारण उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्यांचा घसा सारखाच कोरडा असे. नंतर ज्यांना ऐपत होती त्यांनी आवारात बोअर मारल्या. पहिल्या वर्षी त्यांनी गाळ काढायला गडी पाठवला, पुढच्या वर्षी पैसे पाठवले, त्यानंतर काहीच पाठवले नाही. आणि बोअर जसजशा खोल गेल्या तसतसे गावविहिरीचे पाणीही खाली गेले.

परंतु ‘सगळे उतरत’ हे लिहितानाच माझी लेखणी थबकते, कारण त्या विहिरीवर सगळ्यांना पाणी मिळत नव्हते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात जो ठराव मांडून मंजूर करून घेतला, तो सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा म्हणून आपल्याला ठाऊक असतो. पण त्या एकाच ठरावात पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांच्या सोबतीने शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचाही उच्चार आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. विहीर आणि दवाखाना एका ओळीत बसवण्याची कल्पना माझी नव्हे, ती शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदावर आहे. महाडच्या नगरपालिकेने या ठरावानुसार 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ते खरोखर खुले करण्यासाठी 1927 साली डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन जावे लागले, आणि त्यानंतरही दावा कोर्टात चालला तो हायकोर्टात निकालात निघायला 1937 साल उजाडले. सार्वजनिक म्हणून कागदावर लिहिणे आणि सार्वजनिक असणे यांत एवढे अंतर पडते. म्हणूनच, जुन्या काळी सगळे गाव एका विहिरीवर होते म्हणून विहीर चांगली होती, असे जेव्हा मी म्हणतो, तेव्हा मी कोणत्या गावाविषयी बोलत असतो?

याच्याही आधी, 1868 साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद खाजगी होता. म्हणजे सार्वजनिक पाणवठ्यांवर ज्यांना मज्जाव होता त्यांना पाणी मिळाले ते एका खाजगी आवारात, हे पाहिले म्हणजे खाजगी विरुद्ध सार्वजनिक अशी जी सरळ रेघ मी आखत आलो ती पुसट होते. रुग्णालयांच्या बाबतीतही ती पुसटच आहे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय 1845 साली सुरू झाले ते सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीने, पुण्याचे ससून डेव्हिड ससून यांच्या. आणि परळचे केईएम 1926 साली उभे राहिले तेव्हा त्याच्या जोडीच्या महाविद्यालयाला सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना, अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट घातली होती. उलट ज्या नामांकित शल्यविशारदांसाठी आपण कॅशलेस सोयीचा आग्रह धरतो, त्यांतले कितीतरी जण याच केईएमच्या जनरल वॉर्डात, केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांच्या देहावर शिकलेले असतात.

फुल्यांचे नाव पुढे आरोग्ययोजनेलाही मिळाले. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना 2017 पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. शिधापत्रिका दाखवावी आणि यादीतल्या रुग्णालयात, मग ते खाजगी का असेना, ठरावीक मर्यादेपर्यंत विनाशुल्क उपचार घ्यावेत, असे तिचे स्वरूप. मर्यादा आधी कुटुंबाला दीड लाखाची होती, आता पाच लाखांची आहे. तिच्याखेरीज, धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्यात, ही 2006 साली हायकोर्टाने मान्य केलेली तजवीज आहेच. खाजगी हौदावर सरकारने आपल्या खर्चाने दोर बांधून द्यावा, तशी ही व्यवस्था. कोणी म्हणतात, त्याच पैशात गावविहिरीचा गाळ निघाला असता. हे खरे असेल. पण ज्याच्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया उद्या व्हायची आहे त्याला गाळ निघेपर्यंत थांबा असे सांगण्याचा धीर मला नाही.

मग एवढे सगळे असताना, पॉलिसी असलेल्या माणसाचे सार्वजनिक रुग्णालयाशी नाते संपले काय? 2017 च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली तेव्हा जखमींना केईएममध्ये नेले; त्या वेळी कोणाच्या खिशात कसले कार्ड आहे हे कोणी पाहिले नाही, आणि पाहायचे कारणही नव्हते. 2020 च्या मे महिन्यात सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली आणून दर ठरवून दिले, आणि तरीही हप्ता न चुकता भरलेल्या माणसांना खाटेसाठी ओळखी शोधाव्या लागल्या. पाण्याचा पैसा हाती असणे आणि पाणी असणे या दोन गोष्टी आहेत, हे तेव्हा कळले. पुढे साथ ओसरली आणि आपण सगळे अधिक रकमेच्या पॉलिसीची चौकशी करू लागलो.

हे लिहायला बसलो तेव्हा निदान आपली बाजू कोणती हे मला ठाऊक होते. मी विमा बाळगणारा, पण मनाने सरकारी रुग्णालयाचा पक्षपाती, अशी माझी माझ्याविषयी समजूत होती. आता वाटते की, ज्या वॉर्डात आपण पाऊल ठेवत नाही त्याचा पक्षपात करणे फार स्वस्त असते. आणि तरीही, केवळ तत्त्वासाठी पत्नीला त्या रांगेत उभे करावे, असे कोणी सुचवले तर त्याचे म्हणणे मी ऐकून घेणार नाही. अर्ज लिहिता येतो म्हणून वॉर्डात जाऊन पडावे, असे माझ्या वडिलांनाही वाटले नसते. ते तिथे गेले कारण दुसरे काही नव्हते. 2023 च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत, तेव्हा पैशाची अडचण म्हणावी तर तीही तिथे नाही. अडचण माझ्या मनात आहे की न्हाणीघरातल्या नळात, हे आत जाऊन पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

माझ्या पॉलिसीची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते आणि हप्ता मी भरणार आहे. पुढच्या वर्षापासून विम्याची रक्कम दुप्पट करावी, असे मुलाचे म्हणणे आहे. त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.