पीसीओएस : हा फक्त पाळीचा आजार नव्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दहिसरच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळच्या गर्दीत एक आई एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सोनोग्राफीचा लिफाफा टेबलावर ठेवत ती म्हणाली, "डॉक्टर, हिच्या अंडाशयात गाठी निघाल्यात. ऑपरेशन करावं लागेल का? पुढे मूल होईल ना हिला?" मुलगी मान खाली घालून बसली होती. हनुवटीवरचे केस दिसू नयेत म्हणून ओढणी वर ओढलेली.

पहिलं काम भीती घालवण्याचं होतं. या गाठी नव्हेतच. दर महिन्याला अंडाशयात काही बीजकोश वाढू लागतात. त्यातला एक पूर्ण वाढून फुटतो आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ही वाढ मध्येच थांबते. असे अर्धवट वाढलेले बीजकोश सोनोग्राफीत दिसतात. ते कापून काढायचे नसतात.

वाढ का थांबते? बहुतेक जणींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. मग पाळी लांबते, मुरुमं येतात, चेहऱ्यावर राठ केस येतात. मुलीच्या मानेवर मखमलीसारखा काळसर पट्टा होता. आई म्हणाली, "मी रोज ओरडते, मान घासून आंघोळ कर म्हणून." तो मळ नव्हता. वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण होती.

निदान नुसत्या सोनोग्राफीवर होत नाही. २००३ सालापासून वापरात असलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत तसं अंडाशय. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून इतर कारणं बाजूला काढावी लागतात. पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं तर सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसंच दिसू शकतं. मुंबईतल्याच १५ ते २४ वर्षांच्या मुलींचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. या निकषांनी त्यात २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, तर पुरुषी हार्मोन वाढलेलं असलंच पाहिजे अशा कडक निकषांनी १०.७ टक्के. म्हणून रिपोर्टमधला एक शब्द वाचून घाबरू नका.

या मुलीची पाळी मात्र वर्षातून चार-पाच वेळाच येत होती आणि केसही होते. निदान पक्कं होतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "मलाही लग्नाआधी असंच होतं. तुम्हीच गोळ्या दिल्या होत्या."

मला आठवलं. तेव्हा मी दहिसरला नवीन होतो. पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या आणि म्हणालो, "लग्नानंतर होईल सगळं ठीक." साखर तपासली नाही. वजनाबद्दल बोललो नाही. पुढे तिला मूल झालं, ते समोरच बसलं होतं. पण छत्तिसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, आणि तो मीच शोधला. वेळेवर सावध केलं असतं तर तो टळलाच असता असं म्हणता येत नाही. पण निदान लांबवता आला असता. पीसीओएसला मी पाळीपुरता आजार समजलो, ही माझी चूक.

लेकीच्या बाबतीत ती पुन्हा करायची नव्हती. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची चाचणी, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासला. साखर सीमेवर होती. रोज पाऊण तास भरभर चालणं, जेवणात भात-पोळी कमी आणि उसळ, भाजी जास्त, कॉलेजच्या वाटेवरचा वडापाव आठवड्यातून एकदाच. सोबत मेटफॉर्मिन. जादूची गोळी नाही, कायमचा इलाजही नाही. पण वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. बारीक मुलींनाही पीसीओएस होतो, त्यांनी उपाशी राहू नये.

सलग तीन महिने पाळी आली नाही तर "बरंच झालं, कटकट गेली" म्हणू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गरज पडली तर डॉक्टर पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या देतात. त्या 'गर्भनिरोधक' आहेत म्हणून अविवाहित मुलीला देताना लाजायचं कारण नाही. मूल हवं असेल तेव्हा बीज तयार होण्याची औषधं मिळतात, आणि बहुतेकींना मूल होतं.

सहा महिन्यांत मुलीचं वजन चार किलोने उतरलं, गेल्या तीन महिन्यांत पाळी दोनदा आली. केस कमी व्हायला अजून वेळ लागेल, हे तिला सांगितलं आहे. आता रोज संध्याकाळी मायलेकी दोघी चालायला जातात. आईची साखरही उतरली आहे.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल तर तिची पाळी विचाराच, पण साखरही तपासून घ्या.