बाटलेलं पाणी, सडलेलं पाणी



पर्यावरण हा शब्द आपल्या वस्तीत कुणी बोलत नाही. वस्तीत पाणी म्हणतात, वास म्हणतात, डास म्हणतात, पोराला जुलाब लागलेत म्हणतात. पर्यावरण हा शब्द गावातून येतो, बूट घालून येतो, रविवारी येतो. म्हणून आपली पोरं नाक मुरडतात. हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे, म्हणतात. आपल्यापुढं अत्याचार आहेत, नोकरी आहे, स्कॉलरशिप आहे. झाडं आणि नद्या त्यांनी बघाव्यात.

मला हे पटत नाही. का पटत नाही ते लिहितो.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. आत कापसाचा भुगा, बाहेर काळ्या ओढ्याचा वास. हा ओढा पंचगंगेला मिळतो. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांनी मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीपासून ती पंचगंगा होते, कोल्हापूरवरून वाहते, शहराचं मैलापाणी पोटात घेते, पुढं इचलकरंजीचं रंगाचं पाणी घेते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. ऐंशीएक किलोमीटरची नदी. तेवढ्यात तिचं पाणी पिण्याचं ते नाकाला पदर लावायचं होऊन जातं.

हे कसं होतं ते आपल्या पोरांनी समजून घेतलं पाहिजे. सूत मागावर तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ लावतात. कापड प्रोसेसला गेलं की ती खळ धुऊन काढतात. मग ब्लीच, कॉस्टिक, रंग. हे पाणी तसंच सोडलं की खळ पाण्यात कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मासा बुडून मरत नाही, गुदमरून मरतो. हा प्राणवायू किती खाल्ला जातो त्याचं माप आहे, त्याला बीओडी म्हणतात. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको, असा सरकारचाच दंडक आहे. मैल्यातून दुसरं मरण येतं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातनं पसरते. ज्याच्या घरात पाण्याचा जार येतो त्याला तिची भीती कमी. ज्याच्या घरात नळाला तोंड लावतात त्याला जास्त.

आता खरी गोष्ट.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. ओंजळभर पाणी प्याले. मागून हजारो माणसं प्याली. मग गावानं काय केलं? तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी ओतलं आणि तळं शुद्ध झालं म्हणून जाहीर केलं. म्हणजे स्वच्छ पाण्यात शेण घातलं आणि त्याला शुद्धी म्हटलं. आणि इथं? नदीत रंग जातो, ॲसिड जातो, मैला जातो. नदी बाटली असं एक भटजी म्हणत नाही. काठावर आरती चालू. माणसानं हात लावला की पाणी बाटतं, कारखान्यानं विष ओतलं तरी पवित्र राहतं. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द या देशात एकमेकांचे वैरी आहेत. शुद्ध हा जातीचा शब्द आहे. स्वच्छ हा विज्ञानाचा. आपण दुसऱ्या शब्दाच्या बाजूची माणसं.

आपल्या आज्या-पणज्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. नदीवर वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला आपला. वरून जे वाहत येईल ते आपण प्यायचं. वरचा अंग आणि खालचा अंग हे आपल्याला कुणी पुस्तकातनं शिकवायला नको. आज शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं इचलकरंजीच्या खालच्या अंगाला बसलीत. मेलेले मासे आणि जलपर्णी त्यांच्या बंधाऱ्याला येऊन अडते. जे आपल्याला शेकडो वर्षं पाजलं ते आता मराठ्याच्या, जैनाच्या मळ्यातही गेलंय. त्याला हसायचं नाही. तिथं आपला माणूस उभा राहिला तर बोलण्यासारखं खूप आहे.

मागच्या साली एका गावाच्या घाटावर रविवारची सफाई सुरू झाली. मास्तर, दुकानदार, कॉलेजची पोरं. मलाही निरोप आला. निघालो तर आत्तीनं दारातच धरलं. आत्ती एका नगरपालिकेत झाडूवाली होती.

"कुठं निघालास?"

"घाट साफ करायला, आत्ती."

"किती देत्यात?"

"कायबी देत न्हाईत. सेवा हाय."

आत्ती हसली. "तीस वर्सं म्या गटार काढलं, तवा कुणी सेवा म्हटलं न्हाई. आता त्यांनी दोन तास झाडू धरला की सेवा. आन् फुटू. जा बाबा, पर झाडू धरू नगंस. त्यो आपुन बाबासायबाच्या शब्दावर टाकलाय."

आत्तीचं म्हणणं मी डोक्यात घेऊन गेलो. झाडू धरला नाही. रिकामी बाटली घेऊन ओढ्याच्या तोंडाला गेलो, काळं पाणी भरलं आणि घाटावर सगळ्यांच्या मधे ठेवलं. म्हटलं, पिशव्या आणि हार आपण दर रविवारी काढू, पण हे पाणी कोण काढणार? हे कुणाच्या दारातनं आलं, ते विचारायला चला.

एकजण म्हणाला, "हे राजकारण इथं नको. आम्ही निसर्गासाठी आलोय." दुसरा म्हणाला, "तुमच्या लोकांना प्रत्येक ठिकाणी भांडणच दिसतं." मी म्हटलं, आमच्या लोकांनी भांडण केलं नसतं तर महाडचं तळं आजही बंद असतं. सगळे गप्प. पण त्यांच्यातले दोघं-तिघं माझ्याबरोबर चालत ओढ्याच्या तोंडाला आले. एक मास्तर होते, ते अजून येतात. सगळा गाव एका मापानं मोजायचा नाही, हेही इथं नोंदवतो.

दुसरा प्रश्न मात्र आपल्याच माणसानं विचारला. गिरणीत जॉबर म्हणाला, "प्रोसेस बंद पडलं तर कापड पडून राहील. माग थांबले तर सूत कोण घेणार? मग तुझा पगार काय नदी देणार हाय व्हय?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. यंत्रमागावर, सायझिंगमध्ये, प्रोसेसच्या वाफेत उभी असलेली माणसं आपलीच आहेत. नदी वाचवा म्हणताना त्यांच्या चुलीवर पाणी ओतलं तर ते आंदोलन आपलं नाही. पण जॉबरचा हिशेब मालकाचा आहे. पाणी साफ करायचा खर्च मालकाचा असतो. तो त्यानं केला नाही की वाचलेला पैसा त्याच्या खिशात आणि विष नदीत. मग कुणी बोललं की तो कामगाराला पुढं उभा करतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतले १६८ घातक कारखाने शहराबाहेर हलवायचा हुकूम दिला, तेव्हा कामगारांच्या पगाराचा आणि भरपाईचाही हुकूम दिला. मिळालं किती, ती वेगळी लढाई झाली. पण तत्त्व लिहिलं गेलं. आपली मागणी तीच पाहिजे: प्रदूषणामुळं खातं बंद राहिलं तर त्या दिवसांचा पगार मालकानं द्यायचा. नदी आणि मजुरी एकाच निवेदनात.

अमेरिकेत काळ्यांनी हे आधीच केलंय. १९७२ साली आपल्या पँथरनं ज्यांचं नाव घेतलं त्यांचीच ही भावकी. १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन परगण्यात सरकारनं विषारी माती पुरायला जागा निवडली. वस्ती काळ्यांची आणि गरिबांची. माणसं ट्रकपुढं रस्त्यावर आडवी झाली. पाचशेवर लोक पकडले. माती पुरलीच. पण १९८७ साली चर्चच्या लोकांनी देशभराचा हिशेब काढला, तेव्हा दिसलं की विषारी कचऱ्याच्या जागा काळ्यांच्या वस्त्यांजवळच जास्त आहेत. कचरा रंग बघून टाकतात, हे आकड्यानं सिद्ध झालं. आपल्याकडं तो जात बघून टाकतात. हे सिद्ध करायचं काम आपल्या शिकलेल्या पोरांचं आहे.

कसं करायचं? महाडकडेच बघा. १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोलेंचा ठराव. १९२४ ला नगरपालिकेचा ठराव. १९२७ ला सत्याग्रह. आणि १९३७ पर्यंत कोर्ट, हायकोर्टात जिंकेपर्यंत. ओंजळ एका दिवसाची होती, कागद दहा वर्षांचे. रविवारच्या सफाईला हे ठाऊक नाही.

पाण्याचा कायदा १९७४ चा आहे. सांडपाणी सोडायला कारखान्याला संमतीपत्र लागतं. त्यात किती पाणी आणि कसलं, हे लिहिलेलं असतं. २००५ च्या माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ते मागता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. १९८८ च्या दुरुस्तीनं साध्या माणसालाही ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जायची वाट मिळाली. कचेरीत गेलं की साहेब म्हणतो, नमुना घेतलाय, अहवाल यायचाय. आम्हाला असंच फिरवलं. फिरलो. प्रत्येक अर्जाची पोच घेतली. पंचनाम्याला सह्या आपल्या वस्तीच्या पाहिजेत, आणि खालच्या गावच्या शेतकऱ्याच्याही. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, मेलेला मासा, सगळं वहीत.

आणि एक अट. गटारात माणूस उतरवून कुणी नदी साफ करणार असेल तर ती सफाई आपण बंद पाडायची. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. नदीसाठी माणूस मारायचा नाही.

माणगाव इथून हाकेच्या अंतरावर आहे. मार्च १९२० मध्ये तिथं परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज आले होते. त्याच मातीतली ही नदी आहे. पुढच्या महिन्यात पगाराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काळ्या ओढ्यापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत चालणार आहोत. झाडू कुणी आणायचा नाही. वही, पेन आणि रिकामी बाटली आणा.

जयभीम.