कंगव्यांतील केस

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट. तास संपला, मुलें निघून गेलीं, आणि शेवटच्या बांकावरचा एक विद्यार्थी मात्र वही आवरण्याच्या निमित्तानें घोटाळत राहिला. हा मुलगा वर्षभर वर्गांत टोपी घालून बसतो. मीं त्याला एकदोनदां हटकलेंही होतें. त्यानें एकवार दाराकडे पाहून घेतलें, टेबलाजवळ येऊन टोपी काढली, आणि हळू आवाजांत म्हणाला, "सर, मी केस बसवून घ्यावे म्हणतों. तुम्हांला काय वाटतें?"

बावीस वर्षांचा मुलगा. कपाळाच्या दोन्ही बाजूंनीं केसांनीं माघार घेतलेली आणि माथ्याच्या मध्यभागीं रुपयाएवढी जागा मोकळी झालेली. कानांवरची झालर सोडली तर ज्याच्या डोक्यावर आज कांहींच उरलेलें नाहीं, अशा माणसाला हा प्रश्न विचारणें म्हणजे दिवाळें निघालेल्या सावकाराला व्याजाचा दर विचारण्यासारखें होतें. पण तो थट्टा करीत नव्हता. आणि मलाही त्याला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. कारण सुमारें तीस वर्षांपूर्वीं हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मीं दुसऱ्या एका माणसाला विचारला होता.

१९९६ सालीं मी सव्वीस वर्षांचा होतों आणि नुकताच अध्यापक म्हणून रुजू झालों होतों. त्या काळीं माझा दिवस कंगव्यापासून सुरू होई. कंगव्यांत अडकलेले केस मी एका पांढऱ्या कागदावर मांडीत असें आणि मोजीत असें. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात आणि निरोगी माणसाचेही पन्नास ते शंभर केस रोज गळतात, हें मीं वाचलें होतें. त्यामुळें ऐंशी भरले कीं दिवस बरा जाई, आणि एकशेवीस भरले कीं शेक्सपिअर शिकविण्यांत लक्ष लागत नसे. या हिशेबांतील मेख मला पुढें कळली. किती केस गळतात याला फारसें महत्त्व नसतें. गळालेल्याच्या जागीं येणारा केस कसा येतो, यावर सारें अवलंबून असतें. टक्कल पडणाऱ्या डोक्यावर तो प्रत्येक खेपेला अधिक बारीक, अधिक आखूड येतो, आणि शेवटीं येईनासा होतो. जवळजवळ निम्मे केस जाईपर्यंत आरशाला त्याचा पत्ताही लागत नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं मीं मोजायला सुरुवात केली, त्या दिवशीं अर्धी लढाई मी हरून बसलों होतों.

फळ्याकडे वळलें कीं माथा वर्गाला दिसतो, म्हणून मीं तिरकें उभें राहून लिहिण्याची कला साधली. ज्यूलिअस सीझर आपले विरळ केस मागून पुढें विंचरून घेई, आणि रोमच्या सिनेटनें दिलेल्या सर्व मानांपैकीं लॉरेलचा मुकुट सदैव डोक्यावर ठेवण्याचा मान त्याला अधिक प्रिय होता, असें सुएटोनिअसनें लिहून ठेवलें आहे. हें वाचलें तेव्हां त्या जगज्जेत्याविषयीं मला प्रथमच आपुलकी वाटली. आमच्या आजोबांच्या पिढीला मुकुटाची गरज नव्हती. पगडी आणि टोपी सर्वांनाच होती, आणि तिच्याखालीं काय आहे याची चौकशी कोणी करीत नसे. टोपी गेली आणि माथे उघडे पडले.

घरांत वादाचा विषय एकच: हें कोणाकडून आलें? वडील मामांकडे बोट दाखवीत. आई वडिलांच्या काकांची तसबीर दाखवी. शास्त्रानें पुढें दोघांचीही बाजू थोडी थोडी राखली. आईकडून येणाऱ्या एका गुणसूत्राचा त्यांत मोठा वाटा असतो. पण तो एकमेव नसतो. उपायांची मात्र वाण नव्हती. माक्याचें तेल झालें, जास्वंदीच्या फुलांचा लेप झाला, आणि कांद्याच्या रसाचाही प्रयोग झाला. त्यानें केस आले नाहींत, मात्र कर्मचारीकक्षांत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहूं लागली. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या एका इजिप्शियन हस्तलिखितांत टकलावर सिंह, पाणघोडा आणि सुसर यांची चरबी लावण्यास सांगितलें आहे. तिच्यापेक्षां कांदा स्वस्त, एवढीच कायती प्रगति.

हें सर्व मीं हंसत सोसलें असतें. पण त्याच सुमारास घरांत माझ्या लग्नाचें बोलणें सुरू झालें, आणि पत्रिकेबरोबर फोटो पाठविण्याची वेळ आली. मीं जो फोटो पाठविला तो चार वर्षांपूर्वींचा, पदवीदान समारंभाच्या दिवशींचा होता. एका रविवारीं आम्ही मुलगी पाहावयास गेलों. दार तिच्या वडिलांनीं उघडलें. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून वर गेली, क्षणभर तेथें थांबली, आणि ते अत्यंत सौजन्यानें "या, या" म्हणाले. पोहे झाले, चहा झाला. चार दिवसांनीं पत्रिका जुळत नसल्याचें पत्र आलें. नकाराचें मला फारसें दुःख झालें नाहीं. झोंबली ती त्यांची नजर. कारण त्या सज्जन गृहस्थांनीं माझें टक्कल पकडलें नव्हतें. माझी लबाडी पकडली होती.

पुढच्याच महिन्यांत मी मुंबईस एका शस्त्रवैद्यांकडे गेलों. गृहस्थ अबोल, पण शिकविण्याची हौस असलेले. शाळेंतल्या मुलाला समजवावें तसें त्यांनीं मला सारें समजावून दिलें. जपानांत ओकुदा नांवाच्या वैद्यानें १९३९ सालीं केसांसह त्वचेचे लहान लहान तुकडे काढून दुसरीकडे बसविल्याचें प्रसिद्ध केलें होतें. पण महायुद्धाच्या धुमाळींत तें पश्चिमेकडे कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पुढें न्यूयॉर्कमध्यें नॉर्मन ओरेंट्रीच यांनीं १९५२ सालीं टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ सालीं त्याचें तत्त्व मांडलें. तें तत्त्व असें: केसाचा स्वभाव तो जेथून आला त्या जागेवर ठरतो, जेथें जातो तेथल्या जागेवर नाहीं. ज्या पुरुषांच्या शरीरांत वयांत येण्यापूर्वींच वृषणांचा अंतःस्राव थांबलेला असतो त्यांना असें टक्कल पडत नाहीं, हें हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकानें १९४२ सालीं दाखविलें होतें. त्या अंतःस्रावापुढें माथ्यावरचे केस हार खातात. पण डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे केस खात नाहींत, आणि त्यांना उचलून पुढें लावलें तरी ते आपला निर्धार सोडीत नाहींत. आरंभीं चार मिलिमीटर व्यासाचे गोल तुकडे बसवीत. त्यामुळें डोकें बाहुलीच्या डोक्यासारखें दिसे. आतां एकेका मुळांतून उगवणारे दोनतीन केसच तेवढे वेगळे करून लावूं लागले आहेत, असें ते म्हणाले.

"म्हणजे नवीन केस येत नाहींत?" मीं विचारलें.

"एकही नाहीं," ते म्हणाले. "तुमचीच मागली ठेव मोडून पुढें भरायची. आणि ती ठेव ठराविक आहे. तुम्ही सव्वीस वर्षांचे आहांत, प्रोफेसर. पण मला पन्नास वर्षांच्या माणसाचें डोकें डोळ्यांपुढें आणावें लागतें. आज कपाळावर दाट रांग लावली आणि तिच्या मागचे तुमचे स्वतःचे केस पुढें गेले, तर मध्यें वाळवंट आणि पुढें कुंपण, असें दिसेल. मागें ठेव उरली नसेल तर मला कांहीं करतां येणार नाहीं. आणखी पांच-सात वर्षें थांबा, असा माझा सल्ला. तरीही हट्टच असेल तर मी थोडें काम करून देईन."

माझा हट्ट होता. खर्च सात महिन्यांच्या पगाराएवढा येत होता. पतपेढींतून कर्ज काढण्याचें मीं ठरविलें आणि दिवाळीच्या सुटींतला दिवस मुक्रर करून आलों.

मधल्या आठवड्यांत गांवच्या घरीं जाणें झालें. तेथें माझ्या आजोबांची धाकटी बहीण राहत असे. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं. वय सत्त्याऐंशी. चौदाव्या वर्षीं तिचा नवरा गेला, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें तिचें केशवपन झालें. पुढें घरांतल्या सुनांनीं किती सांगितलें, तरी तिनें केस वाढविले नाहींत. तांबडें आलवण आणि त्याखालीं तो लहानसा वाटोळा माथा, याखेरीज तिचें दुसरें रूप मीं पाहिलेंच नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर तो माथा मीं कधींच नीट पाहिला नव्हता.

माझ्या बेताचें आईनें तिला सांगितलें असावें. ओसरीवर सुपारी कातरीत बसली होती, मला जवळ बोलावून म्हणाली, "कंगव्यांतले केस मोजतोस म्हणे?"

मी ओशाळून गप्प राहिलों.

"अरे, माझे दर पंधरा दिवसांनीं परत येत. ते घालवायला पैसे पडत. तुझे फुकट जातात." असें म्हणून ती मनापासून हंसली. मग बराच वेळ अडकित्ता चालत राहिला. थोड्या वेळानें, जणूं दुसऱ्याच कोणाची हकीकत सांगत आहे अशा स्वरांत, ती म्हणाली, "पहिल्या वेळीं परसांत बसवलें होतें. उन्हाळ्याचे दिवस. माझे केस चांगले कमरेखालीं होते. झाल्यावर डोक्याला वारा लागला, तो मला बरा वाटला. पोरच होतें मी. आणि बरा वाटला, याची पुढें कितीतरी वर्षें मला लाज वाटली."

यावर काय बोलावें तें मला सुचेना. तिनेंच विचारलें, "दुखतें का रे, तें करतात तेव्हां?"

"नाहीं. भूल देतात."

"आणि तुला विचारूनच करतात ना?"

"हो, आत्याआजी. मला विचारूनच."

"मग तुझें तूं पाहा," ती म्हणाली, आणि सुपारीचें खांड माझ्या हातावर ठेवलें.

तिनें मला कांहीं उपदेश केला नाहीं. करण्याचें तिच्या मनांतही नव्हतें. शस्त्रक्रिया वाईट, असें ती म्हणाली नाहीं. पण परत येतांना सबंध प्रवासभर मी तिचा दुसरा प्रश्न मनांत घोळवीत होतों. मला विचारलें जात होतें, हें खरें. पण उत्तर कोण देत होतें? मी, कीं दार उघडणारे ते गृहस्थ? त्याचा निर्णय मला लागेना, आणि तो लागेपर्यंत थांबावें म्हणून मीं मुंबईस पत्र टाकून तारीख पुढें ढकलली. ती मीं पुन्हां कधींच ठरविली नाहीं. यांत वैराग्याचा भाग फारसा नव्हता. पुढें दोन वर्षें मीं मिनॉक्सिडिलचे थेंब डोक्यावर नेमानें घातले. मुळांत हें रक्तदाबाचें औषध. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात असें आढळल्यावर १९८८ सालीं अमेरिकेंत तें टकलासाठीं मान्य झालें. घालीत राहावें तोंवर थोडाफार गुण, सोडलें कीं संपलें. एके दिवशीं मीं तें सोडलें. एक गोष्ट मात्र मीं लगेच केली: नवा फोटो काढवून घेतला, आणि पुढच्या प्रत्येक पत्रिकेबरोबर तोच पाठविला. त्या फोटोला तीन ठिकाणांहून नकार आले. चौथ्या ठिकाणच्या मुलीनें तो आजवर जपून ठेवला आहे; त्यांत निदान थोडे केस होते, असें ती म्हणते.

आत्याआजी २००१ सालीं गेली. डॉक्टरांचें भाकीत चाळिशीच्या आंतच खरें ठरलें, आणि तें कुंपण माझ्या कपाळावर नाहीं याबद्दल मीं त्यांचे मनोमन आभार मानले. तरी लग्नसमारंभांत एखाद्या समवयस्काचे दाट केस पाहिले कीं आजही क्षणभर मत्सर वाटतो. वाटत नाहीं असें लिहिलें तर तो पुन्हां जुनाच फोटो पाठविण्यासारखें होईल.

हें सारें त्या मुलाला सांगण्यांत अर्थ नव्हता. मीं त्याला एवढेंच सांगितलें, कीं यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, पण घाई करण्यासारखेंही कांहीं नाहीं. १९९६ पेक्षां आज हें शास्त्र पुष्कळ पुढें गेलें आहे. मागचा एकेक केशमूळ सुटा काढून लावतात, आणि चांगल्या हाताचें काम ओळखूंही येत नाहीं. पण ठेव अजूनही ठराविकच आहे, आणि बावीसाव्या वर्षीं केस कोठवर मागें जाणार हें कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून आधीं त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावें. गळती थोपविणारीं औषधें आज आहेत, त्यांचे गुण आणि दुष्परिणाम दोन्ही समजून घ्यावे. जाहिरात पाहून कोठेंही जाऊं नये. हें काम कोणी करावें याविषयीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२२ सालीं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शस्त्र कोणाच्या हातांत असेल, हें स्पष्ट विचारून घ्यावें. लावलेले केस आधीं गळून पडतात, तीनचार महिन्यांनीं उगवूं लागतात, आणि पुरतें फळ दिसायला वर्ष लागतें. तेवढा धीर असावा.

"आणि कोणी तुला करायला सांगितलें आहे का?" मीं विचारलें.

तो क्षणभर थांबला. "सांगितलें असें नाहीं, सर. पण..."

"त्या 'पण'चा विचार कर. तो तुझा स्वतःचाच आहे असें ठरलें, तर खुशाल करून घे. मी तुला हंसणार नाहीं."

त्यानें मान हलविली आणि टोपी घातली. शाळेंत असतांना भर्तृहरीच्या नीतिशतकांतला तो खल्वाट आम्हांला शिकविला होता: उन्हानें डोकें तापलें म्हणून बिचारा झाडाच्या सावलींत गेला, आणि तेथें वरून मोठें फळ पडून त्याचें तेंच डोकें फुटलें. दुर्दैव माणसाची पाठ सोडीत नाहीं, असें त्याचें तात्पर्य मास्तरांनीं लिहून दिलें होतें. बाहेर एप्रिलचें ऊन रणरणत होतें. मीही खुंटीवरची माझी टोपी घेतली आणि आम्ही दोघे बरोबरच बाहेर पडलों. टोपी न घेतां घरांतून निघणें, एवढीच त्या खल्वाटाची चूक झाली असावी, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.