चंद्रावरचं टपाल

चंद्रावर इंदिरा गांधींचं एक पत्र पडून आहे. हो, चंद्रावरच! शांतिसागर नावाच्या ज्या काळपट सपाट भागात अपोलो-11 उतरलं, तिथल्या धुळीत. परवापरवापर्यंत मला याचा पत्ताच नव्हता. कळल्यापासून भेटेल त्याला धरून मी तेच सांगत सुटले आहे. घरचे आता हात जोडतात. तेव्हा पाळी तुमची.

पत्र म्हणजे कागद नव्हे. सिलिकॉनची दीड इंची चकती, कॅरमच्या स्ट्रायकरपेक्षा किंचित लहान. एवढ्याशा चकतीवर 73 देशांचे शुभेच्छा संदेश आहेत, वर आयसेनहॉवर, केनेडी, जॉन्सन आणि निक्सन या चार अमेरिकी अध्यक्षांची निवेदनं आहेत. प्रत्येक संदेश जेमतेम दिसेल न दिसेल असा ठिपका. काठावर कोरलंय : पृथ्वी ग्रहाकडून, जुलै 1969. पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, घेणाऱ्याचा रकाना कोरा. अहो, याहून सुंदर टपाल आजवर कुणी टाकलं असेल का?

आणि ते लिहिलं कसं, हे वाचताना तर मी खुर्चीतून उठलेच! देशोदेशीहून आलेल्या पत्रांचे आधी फोटो काढले. ते 200 पटींनी लहान केले. ती बारीक प्रतिमा काचेवर उतरवली. सिलिकॉनवर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर दिला, काचेतून त्यावर अतिनील किरण सोडले आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने धुऊन अक्षरं कोरून घेतली. इलेक्ट्रॉनिक चिप घडवायची रीत ती हीच. हे काम केलं मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्स गावच्या स्प्रेग इलेक्ट्रिक या कपॅसिटर बनवणाऱ्या कंपनीने, तेही उड्डाण तोंडावर आलेलं असताना. त्या कारखान्याच्या विटांच्या इमारतींत आता मॅस मोका नावाचं कलासंग्रहालय आहे.

सिलिकॉनच का? चंद्रावर दुपारी तापमान शंभर अंशांच्या वर जातं आणि रात्री उणे शंभरच्याही खूप खाली. कागदाचा तिथे निभाव लागायचा नाही. सिलिकॉन हे सोसतं. हवा नाही, पाणी नाही, म्हणजे गंजणं-कुजणंही नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ही चकती वाचायला कुठला संगणक लागत नाही, उजेड आणि चांगला सूक्ष्मदर्शक पुरे. आपल्या फ्लॉप्या वीस-पंचवीस वर्षांत मुक्या झाल्या. ही चकती वाचायला सूक्ष्मदर्शकाला लावलेले डोळे पुरेत!

आता खरी गंमत ऐका. एवढी उस्तवार करून नेलेली ही चकती चंद्रावर ठेवायचीच राहून जाणार होती! ती होती अंतराळवीर ऑल्ड्रिनच्या पोशाखाच्या बाहीवरच्या खिशात. काम उरकून ऑल्ड्रिन शिडी चढून वर गेला. आपल्याकडे तेव्हा 21 जुलैच्या सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. खालून त्याचा सोबती आर्मस्ट्राँगने विचारलं, बाहीतलं ते पुडकं काढलंस का? नाही, असं उत्तर आलं. मग ऑल्ड्रिनने ते वरूनच खाली टाकलं आणि आर्मस्ट्राँगने पायाने सारखं केलं. झाला समारंभ! ना भाषण, ना फीत. अख्ख्या पृथ्वीचं टपाल बुटाच्या टोकाने नीट लावलं गेलं.

त्या पुडक्यात चकती एकटी नव्हती. सोन्याची ऑलिव्हची छोटी डहाळी होती. 1967 मध्ये जमिनीवरच्या चाचणीत आगीत गेलेल्या तीन अंतराळवीरांच्या अपोलो-1 मोहिमेचं कापडी बोधचिन्ह होतं. आणि दोन पदकं होती, युरी गागारिन आणि व्लादिमीर कोमारोव्ह यांची. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची! चकतीवर सोव्हिएत संघाचा संदेश नाही, पण त्याच पुडक्यात त्याच्या दोन दिवंगत वीरांना जागा आहे. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे सुचणं मला चंद्रावर उतरण्याइतकंच मोठं वाटतं.

देशांची यादी चाळायला घ्या, मग बघा कशी रात्र सरते ते. दाहोमी आहे, अप्पर व्होल्टा आहे, युगोस्लाव्हिया आहे. पहिले दोघे आज बेनिन आणि बुर्किना फासो या नावांनी ओळखले जातात, तिसरा तर फुटून संपला. चंद्रावर मात्र तिघेही शाबूत. याच्या उलट कहाणी एस्टोनिया आणि लॅटव्हियाची. हे देश तेव्हा सोव्हिएत अमलाखाली होते, म्हणून परदेशात तग धरून राहिलेल्या त्यांच्या राजनैतिक प्रतिनिधींनी संदेश पाठवले. आपल्या राजधानीत ज्यांचा झेंडा फडकू शकत नव्हता, त्यांचं नाव चंद्रावर पोहोचलं. पुढे 1991 मध्ये ते देश स्वतंत्र झाले.

आपल्या तेव्हाच्या पंतप्रधानांचा संदेश मोजका आहे. अंतराळवीरांना शुभेच्छा आणि या घटनेने मानवजातीच्या शांततामय प्रयत्नांचं युग सुरू व्हावं ही आशा. 19 जुलैला इंदिराबाई 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा धडाका लावत होत्या, तेव्हा त्यांचं हे पत्र चंद्राच्या कक्षेपर्यंत जाऊन ठेपत होतं. त्याच बाईंनी 1973 मध्ये लाल किल्ल्याच्या आवारात कालपात्र पुरलं. ते कित्येक शतकं राहायचं होतं. सरकार बदललं आणि 1977 मध्ये ते उकरून काढलं गेलं. चंद्रावरचं पत्र अजून कुणी उकरलेलं नाही. तिथे निवडणुका होत नाहीत!

पण माझा जीव जडलाय तो आयव्हरी कोस्टच्या संदेशावर. राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफ्वे-ब्वान्यी यांनी अंतराळवीराला चक्क निरोप दिलाय. त्याने चंद्राला सांगावं, की आमच्या देशातल्या रात्री तू उजळतोस तेव्हा किती सुंदर दिसतोस. आणि मग पृथ्वीकडे तोंड करून ओरडून सांगावं, की माणसांना छळणारे प्रश्न तिथून पाहिले तर किती क्षुल्लक आहेत. बाकी बरेच जण राजनैतिक भाषेत अभिनंदन करत असताना हा गृहस्थ थेट चंद्राशी बोलतो!

नंतरही चंद्रावर कालकुप्या पाठवल्या गेल्या. इस्रायलचं बेरेशीट यान एप्रिल 2019 मध्ये चंद्रावर आदळलं, त्यात आर्च मिशन फाउंडेशनच्या निकेलच्या पातळ तबकड्यांवर तीन कोटी पानांचा मजकूर होता. वरचे थोडे थर सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतात, उरलेले उलगडायला संगणक हवा. कौतुक आहेच. पण तीन कोटी पानं नेता आली, की काय सांगायचं आणि काय गाळायचं हा पेच सुटतो. 1969 मध्ये प्रत्येक देशाच्या वाट्याला चार ओळी आल्या, आणि चार ओळींत माणूस उघडा पडतो. कुणी औपचारिक राहिला, कुणी प्रार्थना केली, कुणी चंद्राला निरोप धाडला. माझं मत विचाराल तर ती इवलीशी चकतीच भारी!

आणि ही कालकुपी उघडायला शतकभर थांबायचीही गरज नाही. नासाने 1969 मध्येच हे संदेश प्रसिद्ध केले होते, ते आजही वाचायला मिळतात. शोधा, घरातल्या पोरांना जवळ बसवा आणि मोठ्याने वाचा. सुरुवात हवं तर आपल्या पत्रापासून करा. पण आयव्हरी कोस्टचं वाचल्याशिवाय उठू नका.