आगोटीची यादी

वैशाख सरत आला, की वसईकडच्या आमच्या गावात एक शब्द घरोघरी ऐकू येई : आगोट. पावसाळ्याच्या तोंडाशी करावयाची ती बेगमी. वडील छपरावर चढून कौले चाळीत, फुटकी काढून नवी बसवीत. ओटीच्या पश्चिमेकडील बाजूस झावळ्यांचे झाप बांधले जात. पडवीत सरपण रचले जाई, आढ्याला कांद्याच्या माळा टांगल्या जात, मसाला कुटून बरण्यांत भरला जाई. सुके बोंबील, सोडे आणि जवळा उन्हात कडक वाळवून डब्यांत जाई. एकदा मिरगाचा पाऊस लागला, की मग बाजार दूर, वाट चिखलाची आणि समुद्र बंद. घरात असेल तेच आपले.

ही सारी व्यवस्था आजीच्या देखरेखीखाली चाले. बोंबील भरताना ती एक गठ्ठा नेहमी बाजूला काढून ठेवी. आळीच्या टोकाला एक निराधार म्हातारी राहत असे, तिच्यासाठी तो असे. त्या बाईने मागितले आणि आजीने दिले, असे मी कधी पाहिले नाही. आगोटीचा हिशेब करतानाच आजी घरातल्या माणसांत एक माणूस वाढवून धरी. तिच्या त्या हिशेबाचा अर्थ मला पुढे फार उशिरा, आणि तोही लाजेने मान खाली घालावी लागली तेव्हा, कळला.

धर्मगुरू होऊन मी मुंबईत आलो आणि आगोट विसरलो. वाकोल्यात कौले कोण चाळणार? दुकाने भर पावसातही उघडी, दूध दाराशी येते, पाव कोपऱ्यावर मिळतो. पावसाळा म्हणजे छत्री आणि लोकलगाड्यांचा खोळंबा, एवढीच आम्हा शहरवासीयांची समजूत होती. ती समजूत 26 जुलै 2005 रोजी पाण्याखाली गेली.

तो मंगळवार होता. मी त्या वेळी येथेच सहायक धर्मगुरू होतो. संत योआकीम आणि संत आन्ना, म्हणजे प्रभू येशूचे आजी-आजोबा, ह्यांचा तो सण. सकाळच्या मिस्सेत मी वृद्धांच्या सेवेवर प्रवचन दिले आणि ते चांगले झाले, असे मला स्वतःलाच वाटले होते. दुपारी दोननंतर आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. आमच्या शेजारच्याच सांताक्रूझ वेधशाळेत त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात दक्षिणेला कुलाब्यात जेमतेम 73 मिलिमीटर पडला. त्यामुळे फोर्टमधल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांत काय चालले आहे, ह्याची कल्पनाच आली नाही. ते नेहमीप्रमाणे घरी निघाले आणि वाटेतच अडकले.

मुंबईची जुनी गटारव्यवस्था ताशी सुमारे 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारे पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते आणि आमचा वाकोला नाला तिलाच जाऊन मिळतो. त्या दुपारी समुद्राला साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. खाडी पाणी घेईना, मिठी नाल्याचे पाणी घेईना, तेव्हा नाला उलटा घरांत शिरला. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे त्या आपत्तीत दगावली.

मंदिराच्या आवारात पाणी चढू लागले, तेव्हा मला प्रथम आठवल्या त्या नोंदवह्या. स्नानसंस्काराच्या आणि विवाहांच्या जुन्या वह्या तरुणांच्या मदतीने मी वरच्या मजल्यावर नेल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या. हायवेवर अडकलेली माणसे भिजत आवारात येत होती. त्यांना चहा, पाव, कोरडी जागा दिली. रात्री अकराच्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडात संध्याप्रार्थना म्हणावी म्हणून मी प्रार्थनेचे पुस्तक उघडले आणि त्यातून एक घडी घातलेला कागद खाली पडला. पहिल्या शुक्रवारी ज्यांच्या घरी मी कम्युनियन घेऊन जात असे, त्या अंथरुणाला खिळलेल्यांची ती यादी होती. अकरा नावे. त्यांतील एक गृहस्थ नाल्यालगतच्या चाळीत तळमजल्यावर एकटे राहत. अर्धांगाने त्यांची एक बाजू गेलेली होती.

मेलेल्यांची आणि जिवंतांची नावे असलेल्या वह्या मी वाचविल्या होत्या. माणूस मात्र विसरलो होतो.

दोन तरुण, एक दोर आणि पाण्याखालची वाट चाचपण्यासाठी एक बांबू घेऊन आम्ही निघालो. एरवी दहा मिनिटांच्या वाटेला त्या रात्री पाऊण तास लागला. चाळीत पोहोचलो तेव्हा छातीएवढे पाणी होते आणि त्यांच्या खोलीचे दार उघडे होते. माझे पाय गळाले. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून, उंचावरून आवाज आला, ‘‘फादर, इकडे!’’ एका रिक्षाचालकाच्या पोटमाळ्यावर, त्याच्या बायकामुलांच्या शेजारी, ते गृहस्थ गोधडी पांघरून बसले होते.

‘‘अहो, तुम्ही कशाला आलात ह्या पाण्यात?’’ त्यांनी मलाच काळजीने विचारले. ‘‘ह्याने मला चार वाजताच वर आणलं.’’

तो रिक्षाचालक आपल्या धर्माचा नव्हता. मी दर महिन्याला त्याच्या दारावरून जात असे, पण त्याचे नावही मला ठाऊक नव्हते. मी त्याचे आभार मानू लागलो, तेव्हा तो संकोचून म्हणाला, ‘‘त्यात काय, फादर! नाला दरवर्षी थोडा तरी चढतोच. म्हणून पावसाआधीच माळा रिकामा करून बघितलं होतं, किती माणसं बसतात ते. आजोबांना धरून सहा.’’

आजोबांना धरून सहा. त्या तीन शब्दांत मला माझी आजी भेटली. सकाळचे प्रवचन मी दिले होते; त्याने मात्र मे महिन्यातच माळा रिकामा केला होता.

बदल्यांच्या फेऱ्यात अनेक ठिकाणी जाऊन मी पुन्हा वाकोल्यात आलो, आता प्रमुख धर्मगुरू म्हणून. तेव्हापासून दर मे महिन्यात आमच्या धर्मग्रामात आम्ही पुन्हा आगोट करतो. 2025 साली पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्यामुळे जूनची वाट पाहण्याची सोय आता उरलेली नाही. पंधरा मेच्या आत काम उरकावे, असा आमचा नेम आहे.

घराची आगोट साधी आहे. गच्चीवरील पाण्याच्या वाटा पालापाचोळा काढून मोकळ्या कराव्यात, टाकीचे झाकण घट्ट आहे ना, ते पाहावे. तळमजल्यावरील विजेची बटणे जाणत्या कारागिराकडून छातीएवढ्या उंचीवर घेववावीत आणि मुख्य खटका कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, दाखवून ठेवावे. पाणी उंबऱ्याशी आले, की पाय ओले होण्याआधी तो खटका बंद करावा. ओल्यात उभे राहून त्याला हात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा आणि सिलिंडर बांधून ठेवावा, कारण तो पाण्यावर तरंगतो. एका पिशवीत विजेरी, शिट्टी, चार-पाच दिवसांची औषधे, चष्मा, चणे-कुरमुरे-गूळ, पिण्याचे पाणी आणि सुटे पैसे ठेवावेत. मोबाईल बंद पडला, की त्यातले पैसेही बंद पडतात. महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकमध्ये आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा 1916 आणि सर्वत्र चालणारा 112, हे दोन क्रमांक दारामागे लावावेत. मोठ्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर होतात. त्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात.

पूर ओसरल्यानंतरचे दिवसही जपावयाचे असतात. पाणी खळखळून उकळूनच प्यावे. जुलाब झाल्यास लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून ते घोट घोट द्यावे. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर पाय साबणाने धुवावेत आणि तापाची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे. 2005 च्या पुरानंतर ह्या रोगाने अनेकांना गाठले होते.

वाहनाविषयी मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. पुराच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आणावे, म्हणून मी धर्मग्रामाची व्हॅन घाईने सुरू करू गेलो. एक कर्कश आवाज झाला आणि इंजिन कायमचे गेले. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही; ते सिलिंडरमध्ये शिरले असता किल्ली फिरविली, तर आतला लोखंडी दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, ती ओढून न्यावी. पावसाआधी ब्रेक, वायपर आणि बॅटरी तपासून घ्यावीत; टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटरहून कमी उरल्या असतील, तर टायर बदलावा. विमा घेताना इंजिनात पाणी शिरल्याची भरपाई मिळते का, हे विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. फूटभर वेगवान पाणी लहान मोटार उचलू शकते. 2005 साली कित्येक जण काचा बंद करून गाडीतच थांबले; विजेवर चालणाऱ्या काचा आणि दारे उघडली नाहीत आणि ते आतच गुदमरले. चालकाच्या हाताशी एक लहान हातोडी असावी आणि पाणी चढू लागताच काच खाली करून, गाडीचा मोह सोडून बाहेर पडावे. पायी चालतानाही हाती काठी असावी. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईतील एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, हे आपण विसरू नये.

वाचकहो, ह्या सर्वांनंतर उरते ती यादी. आमचे लघु ख्रिस्ती समूह दर मे महिन्यात गल्लीगल्लीतून ती नव्याने करतात : कोण एकटे आहे, कोणाला जिना उतरवत नाही, कोणाला डायलिसिसला जावे लागते, कोणाचे दिवस भरत आले आहेत. प्रत्येक नावासमोर हाकेच्या अंतरावरील दोन शेजाऱ्यांची नावे, त्यांना विचारून, लिहिली जातात. त्या यादीत धर्माचा रकाना नाही. गेल्या खेपेस एक आजीबाई यादीतून गळाल्या होत्या. त्या चाळीतून चौदाव्या मजल्यावर राहावयास गेल्या, तेव्हा आता त्यांना कसले भय, असे आम्हांस वाटले. पण वीज गेली, उद्‌वाहक थांबला, म्हणजे चौदावा मजलाही तळमजल्याइतकाच एकाकी होतो. त्यांचे नाव पुन्हा लिहिले आहे.

दहा कुमारींचा दाखला मी अनेक वर्षे समजावून सांगत आलो. शहाण्या कुमारींनी आपले तेल दुसऱ्यांना का दिले नाही, हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि मी सेमिनरीत शिकलेले उत्तर देत असे. आता त्याला एक पुस्ती जोडतो. आयत्या वेळी तेल वाटता येत नाही, हे खरेच. म्हणूनच भरतानाच थोडे अधिक भरावे. पाणी गळ्याशी आले असता शेजारी आठवत नाही. मला आठवला नव्हता. ज्याने त्याला वैशाखातच मोजून ठेवलेले असते, त्यालाच तो श्रावणात आठवतो.

यंदाही तुम्ही पिशवी भराल, गाडी तपासाल. त्या वेळी घरातील माणसे मोजताना क्षणभर थांबा आणि विचारा : आमच्या घरी कोणाला धरून किती?