दोनशे चौदा दिनारांचं जेवण

बहारीनला जाऊन आलो असं सांगितलं की टोरांटोत पहिला प्रश्न येतो, "म्हणजे दुबईजवळच ना?" जवळच, पण दुबई नव्हे. बहारीन हा एक छोटासा बेटांचा देश. क्षेत्रफळ सुमारे ७८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा काहीसं जास्त, आणि तेही समुद्रात भराव टाकून टाकून वाढत चाललेलं. अरबीत 'बहारीन' म्हणजे दोन समुद्र. एक खारा आणि दुसरा जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा, असा एक अर्थ सांगतात. पूर्वी समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे होते आणि मोती काढणारे पाणबुडे तिथूनच पखालीत पाणी भरून आणत.

आमची ताई आणि दाजी १९८९ सालापासून तिथे. दाजी मूळचे मिरजेचे. एका कंत्राटदार कंपनीत देखभाल-दुरुस्तीच्या कामावर लागले आणि "दोन वर्षं काढू, मग बघू" म्हणता म्हणता पस्तीस वर्षं झाली. २०२४ च्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. आपल्याकडे, म्हणजे कॅनडात, निवृत्त झाल्यावर माणूस स्नो शॉव्हेलिंगला कंटाळून फ्लोरिडाला जातो. आखातात तसं नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की सामान बांधायचं. २०२२ साली बहारीनने 'गोल्डन रेसिडेन्सी' नावाची सोय केली खरी, पण तिच्या अटी मोठ्या पगाराच्या, मोठ्या पेन्शनच्या किंवा मोठ्या घराच्या. दाजींकडे यातलं काहीच मोठं नव्हतं. म्हणून ताईचा फोन आला, "आता नाही आलास तर माझं बहारीनचं घर तू कधीच बघणार नाहीस." फेब्रुवारीत, रमझानच्या आधी, आम्ही दोघं निघालो.

मनामा शहर पाहताना मला सारखी मुंबई आठवत होती, आणि त्याला कारणही आहे. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत असे. शेवटची काही वर्षं तर खास आखातासाठी रिझर्व्ह बँकेने छापलेला रुपया होता. दहा रुपयांना एक दिनार, या दराने तो बदलून दिला. (२०२४ मध्ये एका दिनाराला सव्वादोनशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते. असो!) मनामाच्या जुन्या बाजारात श्रीनाथजींचं मंदिर आहे. सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी १८१७ मध्ये ते बांधलं असं सांगतात. आपल्या आज्यांच्या नथीतले 'बसरा मोती' म्हणजे याच आखातातले. त्यांचा मोठा बाजार भरायचा तो मुंबईत. त्या मोत्यांच्या व्यापाराची घरं आणि वखारी मुहर्रक गावात जपून ठेवल्या आहेत. २०१२ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. मुहर्रकच्या गल्ल्यांतून अर्धा दिवस तरी पायी फिरावं.

पण मला लिहायचं आहे ते एका जेवणाबद्दल.

माझा भाचा आणि त्याची बायको दोघंही दुबईत नोकरी करतात. आम्ही आहोत म्हणून तीही दोघं शुक्रवारी आली. भाच्याने जाहीर केलं, "बाबांना निरोपाचं जेवण माझ्याकडून. आणि साध्या ठिकाणी नाही."

हल्ली बहारीनमध्ये 'साध्या नसलेल्या' ठिकाणांची वाण नाही. सौदी अरेबियाला जोडणारा पंचवीस किलोमीटरचा पूल १९८६ मध्ये झाला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पुलावरून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि हॉटेलं भरतात. मग जगातले नामवंत शेफ इथे का येणार नाहीत? ऑस्ट्रियात जन्मून अमेरिकेत नाव काढलेला वुल्फगँग पक, ज्याच्या 'स्पागो'ने १९८२ पासून हॉलिवूडला वेड लावलं, त्याचं 'कट' २०१५ मध्ये बहारीन बेवर फोर सीझन्समध्ये आलं. आपला मुंबईचा विनीत भाटिया, ज्याला २००१ साली लंडनमध्ये मिशेलिनचा तारा मिळाला, त्याचंही नाव इथल्या गल्फ हॉटेलातल्या भारतीय रेस्टॉरंटवर झळकलं. आणि याच हॉटेलातल्या 'फ्यूजन्स'मुळे गाजलेली बहारीनचीच ताला बश्मी. २०२२ मध्ये मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतली सर्वोत्तम महिला शेफ म्हणून तिचा गौरव झाला.

ही नावं केवळ माहिती म्हणून दिली. आम्ही जिथे जेवलो त्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि वरच्यांपैकीच एखादं असेल असा तर्कही कृपया करू नये. एका संध्याकाळीवरून कुणाला बदनाम करणं बरं नव्हे.

तर आम्ही सहाजण नटूनथटून गेलो. ताईने हिरवी पैठणी नेसली होती. आत पाऊल टाकलं तर एवढा मंद उजेड की मेनू वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "किमती दिसू नयेत म्हणून असेल." एकेका मुख्य पदार्थाची किंमत वीस, तीस, चाळीस दिनार. ताईने मनातल्या मनात गुणाकार केला आणि मेनू मिटून ठेवला. "तुम्हीच सांगा माझ्यासाठी काहीतरी."

इथे एक सांगायला हवं. ताईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. वडील गेले त्या वर्षी तिने ती घातली. पस्तीस वर्षं मांसाहारी मुलखात राहून, दाजींना मासे तळून देऊनही तिने स्वतः कधी चव घेतलेली नाही. भाच्याने टेबल राखून ठेवतानाच हे कळवलं होतं. वाढणाऱ्या मुलाने तिला मशरूमचा रिसोट्टो सुचवला. रिसोट्टो म्हणजे इटालियन लोकांचा गुरगुट्या भात. भाच्याने पुन्हा विचारलं, "पूर्ण शाकाहारी ना?" तो म्हणाला, "हो सर."

जेवण आलं. आता जे चांगलं होतं ते आधी सांगतो, कारण ते खरोखरच चांगलं होतं. दाजींनी हमूर मागवला होता. हा आखाताचा लाडका मासा, आपल्याकडचा हेकरू किंवा गोब्रा याच जातीतला. वरची कातडी पापडासारखी कुरकुरीत, आत मासा लोण्यासारखा, आणि खाली सुक्या लिंबाचा आंबट रस. दाजी एरवी जेवणाबद्दल बोलत नाहीत. दोन घास खाऊन ते म्हणाले, "पस्तीस वर्षं हा मासा खातोय. असा कधी खाल्ला नव्हता." भाच्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, पैसे वसूल झाले.

तेवढ्यात तो वाढणारा मुलगा परत आला. ताईच्या खुर्चीशी वाकून हिंदीत म्हणाला, "मॅडम, माफ करा. मी आत पुन्हा विचारून आलो. भात शिजवताना जे पाणी घातलंय ते चिकनचं आहे."

त्याला स्टॉक म्हणतात. हाडं तासन् तास उकळून काढलेलं पाणी. रिसोट्टोत ते बहुतेक ठिकाणी असतंच, आणि ते दिसत नाही. ताईने तोपर्यंत चार चमचे खाल्ले होते.

तिने चमचा खाली ठेवला. पाणी प्यायली. टेबलावर कुणी बोलेना. दाजींनीही काटा खाली ठेवला. मग ताईने त्या मुलाला विचारलं, "तू कुठला रे बाळा?" तो गढवालचा होता. येऊन आठ महिने झाले होते. भाच्याने मॅनेजरला बोलावलं आणि आवाज चढवला. मॅनेजरने मान लववून माफी मागितली, तो पदार्थ बिलातून काढला, दुसरा भात नुसत्या भाजीच्या पाण्यात करून आणण्याची तयारी दाखवली. ताई म्हणाली, "नको. मला फक्त ब्रेड द्या." नंतर सर्वांसाठी फुकट आलेला खजुराचा गोड पदार्थ फारच सुंदर होता. आमच्या सौ.ने तो दोनदा खाल्ला हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

बिल आलं २१४ दिनार. सर्व्हिस चार्ज, सरकारी लेव्ही आणि २०२२ पासून दहा टक्के झालेला व्हॅट धरून. रुपयांत सत्तेचाळीस हजार, आपल्या डॉलरांत साडेसातशेच्या वर. दाजींनी आकडा बघितला आणि म्हणाले, "माझा पहिला महिन्याचा पगार एकशे सत्तर होता. चौघं एका खोलीत राहायचो." हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. पण भाच्याला ते लागलं.

खरं भांडण झालं ते गाडीत. भाचा म्हणाला, "मी उद्याच त्या मुलाचं नाव घालून तक्रार लिहिणार. एवढे पैसे घेतात, तर एवढं तरी यायला नको?" आमच्या सौ. त्याच्या बाजूच्या. मलाही त्याचं चुकतंय असं वाटत नव्हतं. ताई मात्र म्हणाली, "त्या पोराने सांगितलं नसतं तर आपल्याला कळलं असतं का? गप्प बसला असता तर मी सगळा भात खाल्ला असता आणि तुला शाबासकी दिली असती. तुझ्या चिठ्ठीने त्याची नोकरी जाईल. नोकरी गेली की इथे राहणं गेलं. आठ महिने झालेत त्याला, एजंटाचं कर्जसुद्धा फिटलं नसेल."

"मग त्यांनी असंच करत राहायचं?"

दाजी पुढच्या सीटवरून म्हणाले, "त्र्याण्णव साली मी एक व्हॉल्व्ह उलटा बसवला होता. रात्री लक्षात आलं. सकाळी जाऊन साहेबाला सांगितलं. त्याने वर कळवलं नाही, म्हणून तू बहारीनमध्ये शिकलास." एवढंच बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले.

वाटेत एका टपरीवर थांबलो. करक, म्हणजे दुधात उकळलेला वेलचीचा कडक चहा. सव्वा दिनारात सहा ग्लास. शेजारच्या भट्टीतून ताईसाठी गरम खुब्ज घेतले. आता इथे "शेवटी टपरीवरचा चहाच खरा" असं लिहिलं की लेख छान संपेल, हे मला कळतं. पण ते खरं नाही. दाजींना तो हमूर खरोखर आवडला होता, आणि आपल्याला आवडला याची त्यांना ताईसमोर चोरी वाटत होती. चहाने त्यातलं काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईच्या मैत्रिणीकडे आठ-दहा मराठी कुटुंबं जमली होती. विषय काढायचा अवकाश, प्रत्येकाकडे अशा मोठ्या नावाच्या ठिकाणचा एकेक अनुभव. एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला न सांगता केक आला, शेफने सही केलेलं मेनूकार्ड मिळालं. ते अजून खूश आहेत. एका गृहस्थांना "एवढ्या मोठ्या ताटात तीन शेवया" मिळाल्या आणि घरी येऊन त्यांनी दहीभात खाल्ला. एकींना लहान मुलं घेऊन गेल्यावर पाऊण तास ताटकळावं लागलं. एक तरुण इंजिनीअर म्हणाला, "मी फक्त दुपारी जातो. ठरावीक मेनू असतो, तेच स्वयंपाकघर, किंमत निम्मी." मला हाच सर्वांत शहाणा वाटला.

त्याच तरुणाने एक गोष्ट समजावून सांगितली. ज्याचं नाव दारावर असतं तो शेफ आत नसतो. बहुतेक वेळा हॉटेल त्याला नावाचे आणि देखरेखीचे पैसे देतं. तो पदार्थ ठरवतो, आपला एखादा विश्वासू माणूस बसवून जातो आणि मधूनमधून येतो. रोजची चूल सांभाळतात ते गढवालचे, नेपाळचे, श्रीलंकेचे, फिलिपीन्सचे लोक. पाककृती साहेबाची, हात यांचे. चांगला दिवस असला की दोन्ही जुळतं.

बहारीनला जाणाऱ्यांसाठी अनुभवाचे दोन शब्द. शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेरियन' एवढं म्हणून थांबू नका. सूप, भात, रस्सा कशाच्या पाण्यात केलाय ते विचारा, आणि आत जाऊन विचारून या असं सांगा. मेनूतल्या किमतीत कर धरलेत का तेही पाहा. आणि एक दुपार मनामाच्या बाजारासाठी राखून ठेवा. तिथे मच्छबूस, म्हणजे मसालेदार मांस-भात, आणि केशराचा चिकट बहारीनी हलवा चाखायला मिळतो.

भाच्याने शेवटी पत्र लिहिलं. मुलाचं नाव घातलं नाही. स्टॉकचा उल्लेख मेनूवर छापा एवढंच सुचवलं. आठवड्याने फार नम्र उत्तर आलं. सूचनेचा विचार करू, आणि पुढच्या खेपेस आपल्या आईवडिलांनी आमचे पाहुणे म्हणून यावं. ताईने ते मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा घरातले खोके अर्धे भरून झाले होते.

आता दोघं मिरजेत आहेत. परवा दाजी फोनवर म्हणाले, "इथल्या बाजारात हेकरू मिळाला. तुझ्या ताईने तळला. चांगला होता." मग थोडं थांबून, "त्या पोराला विचारायला हवं होतं, कातडी तशी कुरकुरीत कशी करतात." मागून ताईचा आवाज आला, "विचारायचं होतं की! मी काय नको म्हटलं असतं?"